तलावांच्या जिल्ह्यात अर्धी बादली

रिन्सलेस वॉश हे गाडी धुण्याचं असं द्रावण आहे, की ते लावल्यावर गाडीवर पुन्हा साधं पाणी मारावं लागत नाही. अर्ध्या बादलीत झाकणभर औषध टाकायचं, त्यात कापड भिजवायचं, त्या कापडाने गाडी पुसायची आणि दुसऱ्या कोरड्या कापडाने टिपून घ्यायची, एवढाच विधी. फेस नाही, पाइप नाही, अंगणात ओहोळ नाही. नेमक्या याच कारणामुळे बहुसंख्य गाडीमालक या प्रकाराला धुणं मानायला तयार होत नाहीत. ज्या धुण्याचं पाणी शेजाऱ्याच्या फाटकापर्यंत गेलं नाही, ज्यात निदान एकदा तरी कुणी घसरलं नाही आणि ज्यात मालकाची पॅंट गुडघ्यापर्यंत भिजली नाही, ते धुणं झालंच नाही, अशी सर्वसाधारण समजूत आहे.

बाजारात गाडी धुण्याच्या बाटल्या तीन जातींच्या मिळतात. पहिली शाम्पूची. ती भरपूर फेस करते आणि नंतर तितकंच भरपूर पाणी मागते. दुसरी वॉटरलेसची. हे तयार पातळ औषध असतं, त्यात पाणी मिसळत नाहीत. फवारायचं आणि पुसायचं. ते अगदी हलक्या धुळीपुरतं. तिसरी रिन्सलेसची. ही दाट असते आणि बादलीत पातळ करून वापरतात. तिन्हींचं काम वेगळं, दाम वेगळा. पण दुकानात त्या एकाच फळीवर खांद्याला खांदा लावून उभ्या असतात. यातलं रिन्सलेस कोणतं, असं गिऱ्हाइकाने विचारलं की दुकानदार तिन्हींकडे एकदम हात दाखवतो आणि म्हणतो, “कोणतीबी न्या जी, सारख्याच चालतात.” निवडीचं शास्त्र या वाक्याच्या पुढे सुरू होतं.

हा प्रकार अमेरिकेत या शतकाच्या पहिल्या दशकात लोकांसमोर आला. डेव्हिड घोडौसी या पॉलिमर रसायनतज्ज्ञाच्या ऑप्टिमम कंपनीचं ‘नो रिन्स’ हे त्यातलं सर्वांत गाजलेलं नाव. त्या धंद्यातले लोक त्याला नुसतं ओएनआर म्हणतात. जिथे दुष्काळात अंगणात पाइप लावायला बंदी येते, किंवा जिथे गाडी दहा मजल्यांच्या खाली तळघरात उभी असते आणि नळ दहाव्या मजल्यावर असतो, तिथल्या लोकांची त्याने मोठी सोय झाली. पुढे मेग्वायर्ससारख्या जुन्या कंपन्यांनीही आपापले रिन्सलेस काढले आणि ते भारतात दुकानांतून व ऑनलाइन येऊ लागले.

भंडारा जिल्ह्यात मात्र यापैकी एकही अडचण धडपणे लागू होत नाही. हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने गोंड राजांच्या काळापासून इथे तलाव बांधले. पुढे मालगुजार आले, मालगुजारी गेली, तलाव तेवढे राहिले. सरकारी कागदांत ते माजी मालगुजारी तलाव आहेत आणि लोकांच्या तोंडी मामा तलाव. शिवाय जिल्हाभर वैनगंगा फिरते आणि पवनीजवळ गोसीखुर्दला ३३ दरवाजे लावून तिला अडवलेलं आहे. पावसाळ्यात हे दरवाजे उघडल्याच्या बातम्या रोज येत असताना, एमएच ३६ क्रमांकाच्या गाडीच्या मालकाला ‘पाणी वाचवा’ म्हणून अर्धी बादली पुढे करणं जरा धाडसाचंच काम आहे.

पाण्याचा हिशेब तरीही मांडून ठेवावा. अर्ध्या इंची पाइपमधून मिनिटाला साधारण १० ते १५ लिटर पाणी जातं. गाडी धुताना मालक फोनवर बोलत असेल तर पाइप जमिनीवर पडून आपला चालूच राहतो, आणि दहा-पंधरा मिनिटांत दीडेकशे लिटर पाणी गाडीला न लागताच नालीत पोचतं. मे महिन्यात, नवतप्याच्या दिवसांत, पारा ४५ अंशांजवळ आणि नळ एक दिवसाआड, अशा वेळी हा हिशेब पटतो. पण जूनमध्ये पहिला पाऊस पडला की तो पाण्याबरोबर वाहून जातो. म्हणून भंडाऱ्यात रिन्सलेसची वकिली पाण्याच्या टंचाईवर करू नये. ती गाडीच्या रंगावर करावी.

गाडीच्या रंगात सगळ्यांत वर एक पारदर्शक थर असतो. त्याला क्लिअर कोट म्हणतात. गाडीची सगळी चमक त्याच थरात राहते. त्याची जाडी साधारण ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा विसावा ते तिसावा भाग. लाखो रुपये मोजून घेतलेल्या गाडीचं सगळं तेज एवढ्याशा पापुद्र्यावर बसलेलं आहे, हे गाडी विकणारा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही. या थरावर धुळीचा कण दाबून फिरवला की बारीक ओरखडा उठतो. असे शेकडो ओरखडे जमले, की उन्हात गाडीच्या दारावर कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल गोल वर्तुळं दिसू लागतात. ही जाळी रस्त्यावर पडत नाही. ती घरी, रविवारी सकाळी, मालकाच्या स्वतःच्या हाताने आणि अत्यंत प्रेमाने पडते.

याचं मूळ भंडाऱ्याच्या एका जुन्या कौशल्यात शोधता येतं. हे पितळी भांड्यांचं गाव. इथल्या घरांतला गुंड, गंगाळ आणि गंज पिढ्यान् पिढ्या राख आणि चिंचेने घासला गेला. चिंचेतलं आम्ल पितळेवरचा काळपटपणा सोडवतं, राख तो खरवडून काढते आणि भांडं सोन्यासारखं निघतं. यात जितकं घासावं तितकं थोडं, कारण पितळ वरपासून तळापर्यंत पितळच असतं. तीन पिढ्या घासलं तरी खाली आणखी पितळ निघतं. गाडीच्या बाबतीत हे खरं नाही. क्लिअर कोटखाली रंग, रंगाखाली प्रायमर आणि प्रायमरखाली साधा पत्रा निघतो. ज्या हाताला गुंड चमकवायची सवय, त्या हाताने बोनेट चमकवायला घेतलं की दोन-तीन दसऱ्यांत बोनेट अंध होतं. तेव्हा रिन्सलेसचं खरं काम हाताला आवरण्याचं आहे.

ते काम ही बाटली दोन घटकांच्या मदतीने करते. पहिला पृष्ठक्रियाकारक, म्हणजे साबणातही असतो तोच मळ सोडवणारा घटक. फक्त इथे तो फेस करत नाही. दुसरा पॉलिमर. लांब साखळ्यांचे हे रेणू धुळीच्या कणाला वेढतात आणि कण व रंग यांच्यामध्ये निसरडा थर तयार करतात. त्यामुळे कण रंगावर घासत न जाता कापडाबरोबर सरकत निघून जातो. हे घडायला मिनिटभर वेळ लागतो आणि हात हलका ठेवावा लागतो. अडचण एवढीच, की मिनिटभर काहीही न करता गाडीसमोर उभं राहणं आणि नंतरही जोर न लावणं, या दोन्ही गोष्टी कष्टाळू माणसाला आळशीपणाच्या वाटतात.

औषध निवडण्याआधी रोग ओळखावा, या न्यायाने बाटलीआधी धूळ पाहावी. भंडारा जिल्ह्याचा शेतकरी जमिनीची जात पायाखाली ओळखतो: कन्हार, मोरंड, सिहार, बरडी. गाडीमालकानेही ती बोनेटवर ओळखावी. कन्हारीचा काळा चिखल चिकट असतो. वाळला की त्याचे पापुद्रे सुटतात, पण त्याचे कण बारीक असल्यामुळे तो भिजवल्यास सभ्यपणे निघतो. सिहार वालुकामय. ती दिसते हलकी, उडते सहज आणि कोरड्या फडक्याखाली पॉलिश पेपरचं काम करते. बरडीतले खडे तर कुठल्याही बाटलीच्या अधिकारात येत नाहीत. त्यातून वैनगंगेची रेती भरलेल्या टिप्परच्या मागून चार किलोमीटर गाडी चालवली, की सगळ्या जाती एका बोनेटवर एकत्र नांदतात. रेतीतलं क्वार्ट्झ खनिजांच्या कठीणपणाच्या दहाच्या मापावर सातव्या पायरीवर बसतं. क्लिअर कोट हा शेवटी प्लॅस्टिकच्या कुळातला. या दोघांची कुस्ती लावू नये.

ऋतूंचीही आपापली धूळ असते. मार्च-एप्रिलमध्ये सावली पाहून गाडी मोहाखाली उभी केली, की पहाटेपर्यंत छतावर मोहफुलांचा सडा पडतो. फुलं वेचायला लोक येतात, पण त्यांचा गोड चिकटा वेचून नेत नाहीत. तो उन्हाने रंगावर आटतो. जुलैत रोवणी सुरू झाली, की बांधीतला चिखल ट्रॅक्टरच्या केजव्हीलबरोबर डांबरी रस्त्यावर येतो आणि तिथून दारांवर. दिवाळीच्या पुढेमागे धानाची मळणी होते, राइस मिल रात्रंदिवस चालतात आणि कोंड्याची धूळ गावभर तरंगते. ही धूळ दिसायला मऊ आणि घरगुती असते, पण तिच्या मऊपणावर जाऊ नये. धानाच्या तुसात सिलिका भरपूर असतं. तूस जाळलं तर जवळपास पाचवा हिस्सा राख उरते आणि त्या राखेत बहुतेक सिलिकाच असतं. ज्याच्या घराजवळ राइस मिल आहे, त्याच्या गाडीवर भांडी घासायची राख वरून आपोआप पडते. त्यावर कोरडं फडकं मारलं, की फक्त चिंच तेवढी कमी राहते. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मॅंगनीज खाणींकडून येणाऱ्या रस्त्यांवर काळी भुकटी मिळते. तिथलं मॅंगनीज डायऑक्साइड विजेरीच्या सेलमध्ये वापरतात. सेलमध्ये ते शोभतं, पांढऱ्या गाडीवर नाही.

या सगळ्यासाठी एक सोपी कसोटी आहे. गाडीवरच्या धुळीत बोटाने नाव लिहिता येण्याजोगं असेल तर रिन्सलेस चालेल. पऱ्हे रोवता येण्याजोगं असेल तर चालणार नाही. अर्थात नाव प्रत्यक्ष लिहू नये, कारण तोही ओरखडाच असतो. जिल्ह्यात ‘मला धुवा’ असं कायमचं कोरलेल्या काचा पुष्कळ फिरतात.

आता बाटली. तिच्यावर सगळ्यांत आधी मिश्रणाचं प्रमाण पाहावं, कारण किंमत बाटलीवर असली तरी महाग-स्वस्त या प्रमाणावरून ठरतं. ओएनआरच्या जातीचं प्रमाण एकास २५६ असतं. म्हणजे ५ लिटर पाण्याला साधारण २० मिली, आणि ५०० मिलीच्या बाटलीत २५ धुणी. शेजारच्या स्वस्त बाटलीवर एकास ५० लिहिलेलं असेल, तर ५ लिटरला १०० मिली लागेल आणि तेवढीच बाटली पाच धुण्यांत संपेल. पहिली बाटली दुसरीच्या चौपट किमतीची असली तरी ती स्वस्त पडते. हा हिशेब भंडाऱ्यात समजावून सांगावा लागत नाही. कीटकनाशक घेताना “पंपाला किती एमएल?” हा प्रश्न इथे जन्मापासून विचारला जातो. तोच माणूस गाडीची बाटली घेताना मात्र हा प्रश्न विसरतो आणि झाकणाचा रंग पाहतो. ज्या बाटलीवर प्रमाणच छापलेलं नाही, ‘आवश्यकतेनुसार वापरा’ एवढंच लिहिलंय, ती परत फळीवर ठेवावी. आवश्यकता कंपनीची असते.

दुसरी पाहायची गोष्ट म्हणजे पीएच. गाडीच्या औषधाचा पीएच सातच्या आसपास, म्हणजे तटस्थ असावा. कपड्यांच्या पावडरीचा दहाच्या घरात जातो. ती कॉलरचा मळ काढते, तसं गाडीवरचं मेणही काढते, रबराच्या पट्ट्या कोरड्या करते आणि पाण्याने नीट निघाली नाही तर डाग ठेवते. तिच्या बाजूने एकच मुद्दा आहे, की ती घरात आहे. पण घरात आहे म्हणून गाडीला लावायचं ठरवलं, तर फळीवर त्याच रांगेत फिनाइलही आहे.

तिसरी गोष्ट आत काय काय मिसळलंय ती. काही बाटल्यांत मेण असतं, काहींत सिरॅमिकचा अंश असतो, तर काहींवर ग्राफीनपासून ब्राझीलच्या कार्नोबा ताडापर्यंत सगळ्यांची नावं असतात. गाडीवर आधीच सिरॅमिक कोटिंग केलेलं असेल तर मेणाविनाची साधी बाटली घ्यावी. नाहीतर महागड्या कोटिंगवर स्वस्त मेणाचा थर बसतो आणि कोटिंगचा गुण त्याखाली झाकला जातो. कोटिंग नसेल आणि वर्षातून एकदाही पॉलिश होत नसेल, तर मेणाची बाटली चालते. ती वापरताना पुढची काच वेगळ्या कापडाने पुसावी. तसं न केल्यास मेणाचा तवंग पहिल्या पावसात, रात्री, समोरून ट्रक येत असताना, वायपरखाली उघड होतो.

चौथी गोष्ट पाण्याची, आणि ती बाटलीत मिळत नाही. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला धरतात आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. माणसाचं पोट चालवून घेतं. काळी गाडी चालवून घेत नाही. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि गाडीवर पांढऱ्या ठिपक्यांची रांगोळी उमटते. रिन्सलेसला पाणी थोडंच लागत असल्याने अर्धी बादली नळाचं पाणी भरून ठेवणं अवघड नाही. इथे काटकसरी माणूस दोन ठिकाणी फसतो. एक, आरओ यंत्राचं वाया जाणारं पाणी गाडीला वापरतो. त्यात तर यंत्राने गाळून टाकलेले सगळे क्षार गोळा झालेले असतात. दोन, मे महिन्यात कूलरच्या टाकीतलं पाणी काढून वापरतो. ते दिवसरात्र आटून आटून इतकं क्षारी झालेलं असतं, की त्याने गाडी धुण्यापेक्षा घराला चुना मारावा.

राहिला रंग आणि वास. बाटली निळी की हिरवी, वास सफरचंदाचा की लिंबाचा, याने मळाला काहीही फरक पडत नाही. विक्रीला मात्र सगळ्यांत जास्त फरक यानेच पडतो. दुकानात झाकण उघडून हुंगणारी गिऱ्हाइकं पुष्कळ दिसतात. मागची बारीक अक्षरं वाचणारं गिऱ्हाईक दिसलं तर दुकानदारालाच चुकल्यासारखं होतं. या सुंदर रंगाचा एक धोका खरा आहे: मोठ्या कॅनमधलं औषध सरबताच्या किंवा थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत काढून ठेवू नये. घरात लहान मुलं असतात आणि उन्हाळ्यात पाहुणेही.

वापरणाऱ्यांचे ढोबळमानाने तीन वर्ग पडतात. पहिला मोजणाऱ्यांचा. हे लोक खोकल्याच्या औषधाची मापटी वापरतात, प्रमाण वहीत लिहितात आणि गाडी धुतल्यावर उरलेलं पाणी टाकताना हळहळतात. दुसरा वर्ग ओतणाऱ्यांचा. झाकणभराने एवढी साफ होते तर वाटीभराने किती होईल, असा त्यांचा सरळ हिशेब असतो. प्रत्यक्षात जास्त औषधाने मळ जास्त निघत नाही. फक्त चिकट थर राहतो, कापड अडखळतं आणि वाळल्यावर पट्टे दिसतात. मग पट्टे घालवायला ते आणखी औषध ओततात. तिसरा वर्ग ठेवणाऱ्यांचा, आणि हा सर्वांत मोठा. यांनी सगळ्यांत महाग बाटली घेतलेली असते. पण एवढं भारी औषध रोजच्या धुळीला कशाला, म्हणून ती कपाटात, चांगल्या दिवसासाठी राखून ठेवलेली असते. गाडी तोवर जुन्या बनियनने पुसली जाते.

बनियनचा विषय निघालाच आहे, तर कापडाचं प्रकरण इथेच घ्यावं, कारण खरा खर्च तिथे करायचा असतो. सर्वसाधारण घरात कापडाचा उतरता क्रम ठरलेला असतो: आधी अंगावर, मग फरशीला, आणि फरशीच्याही उपयोगाचं राहिलं नाही की गाडीला. म्हणजे घरातली सगळ्यांत महाग वस्तू घरातल्या सगळ्यांत टाकाऊ कापडाच्या हवाली होते. रिन्सलेससाठी मायक्रोफायबरचीच कापडं लागतात. पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइडच्या अतिसूक्ष्म धाग्यांमुळे त्यांच्यात पोकळ्या राहतात आणि धूळ रंगावर न रगडता त्या पोकळ्यांत शिरते. चौरस मीटरला ३०० ते ४०० ग्रॅम वजनाचं, ४० सेंटिमीटर चौरस असं कापड घ्यावं आणि निदान सहा घ्यावीत. कडेची लेबलं आधी कापून टाकावीत. ती कापडापेक्षा कडक असतात. धुताना सुती कपड्यांत मिसळू नयेत आणि कपडे मऊ करायचं सुगंधी औषध त्यांना लावू नये, त्याने पोकळ्या बुजतात. मोहाडी-आंधळगावच्या कोशाच्या साडीला घरात जो मान मिळतो, त्याच्या निम्मा तरी या कापडांना मिळावा. जमिनीवर पडलेलं कापड त्या दिवशी पुन्हा गाडीला लावायचं नसतं. झटकून लावण्याचा मोह फार होतो, पण झटकल्याने माती जाते आणि खडा राहतो.

आता प्रत्यक्ष कृती, एका दारावर. वेळ सकाळची, ऊन यायच्या आधी. तापलेल्या पत्र्यावर औषध पुसण्याआधीच वाळतं. बादलीतलंच मिश्रण फवारणीच्या छोट्या बाटलीने आधी दारावर मारून घ्यावं. मोठा पाठीवरचा पंप घरात असला तरी तो घेऊ नये. त्यात मागच्या आठवड्यात तणनाशक होतं. मिनिटभर थांबलं की कोरडी करडी धूळ गडद होते आणि दाराच्या खालच्या अंगाला तिचे बारीक ओघळ येऊ लागतात. मग बादलीतलं कापड काढायचं, हलकं पिळायचं आणि दोनदा घडी घालायची. अशा घडीला आठ कोऱ्या बाजू मिळतात. कापड दारावर पसरून ठेवायचं आणि त्याच्या स्वतःच्या वजनानेच, आरशापासून मागच्या कडेपर्यंत, एका सरळ रेषेत ओढत न्यायचं. गोल फिरवायचं नाही. गोल फिरवणं भांड्यांना. एका ओढीनंतर कापड उलटून पाहिलं तर त्यावर चार बोटं रुंदीचा तपकिरी पट्टा असतो आणि त्यात मधूनच एखादा कण चकाकतो. तोच कण मागच्या रविवारी बनियनखाली होता. पुढच्या ओढीला कोरी बाजू. आठही बाजू संपल्या की ते कापड बाजूला, पुन्हा बादलीत नाही. दाराचा खालचा वीतभर भाग आणि चाकं सगळ्यांत शेवटी, त्यांचं कापड वेगळं. शेवटी कोरड्या कापडाने टिपून घ्यायचं. पूर्ण गाडीला अर्धा तास पुरतो.

तांत्रिक भाग इथे संपतो आणि सामाजिक सुरू होतो. गाडीपाशी बादली, हातात फडकं आणि अंगणात पाणी नाही, हे दृश्य दिसलं की गल्लीत सहानुभूती जागी होते. फाटकावरून पहिला प्रश्न येतो, “काहून जी, नळ नाही आला का आज?” नळ आलाय असं कळल्यावर दुसरा, “मग पाइप देऊ का आमचा?” औषधच असं आहे की पाणी मारावं लागत नाही, हे सांगितलं तर ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर फसवल्या गेलेल्या माणसाबद्दलची करुणा येते. घरातले वडीलधारे जास्त स्पष्ट असतात: “हे काय धुणं झालं का बाबू? पाणी मार भडाभडा, मोकळा हो.” या टप्प्यावर निम्मे मालक शरमेने पाइप लावतात. पॉलिमरने वेढलेले कण रंगाला न लागता निघून जातात हे खरं. पण गल्लीने वेढलेल्या माणसासाठी अजून कुठल्या कंपनीने औषध काढलेलं नाही.

दसऱ्याचा अपवाद वेगळा नोंदवायला हवा. त्या दिवशी गाडी हत्यारांच्या पंगतीत बसते. बोनेटवर हळद-कुंकवाचं स्वस्तिक निघतं, झेंडूचा हार येतो, चाकाखाली लिंबू जातं आणि पुढे नारळ फुटतो. दुसऱ्या दिवशी नारळाच्या पाण्याचे डाग, हाराच्या तारेचे ओरखडे आणि हळदीचा पिवळा ठसा राहतो. रिन्सलेसने डाग जातात. हळदीसाठी घासाघास करू नये. तिचा रंग उन्हाने आपोआप फिका पडतो. ओरखडे पुढच्या दसऱ्यापर्यंत राहतात. हार दोऱ्याचा घ्यावा, तारेचा नाही, एवढी सुधारणा शक्य आहे.

रिन्सलेसची मर्यादा चिखलापाशी येते. रोवणीच्या दिवसांत दारांवर थापलेली माती कुठल्याही पॉलिमरला वेढवत नाही. तेव्हा गाडी सरळ वॉशिंग सेंटरला न्यावी, प्रेशरच्या पाण्याने चिखल उतरवावा आणि मग पुढचे आठवडे घरची अर्धी बादली चालू ठेवावी. तलावाच्या पाळीवरून गाडी पाण्यात उतरवणं किंवा नदीच्या पात्रात उभी करणं, हा तिसरा मार्ग जिल्ह्यात दिसतो आणि मालकाला तो सर्वांत स्वस्त वाटतो. पोळ्याला बैल तळ्यावर नेऊन धुण्याची रीत जुनी आहे. पण बैलाखालून ग्रीस आणि इंजिनऑइल गळत नसतं. गाडीचं ते सगळं पाण्यावर पसरतं. याच तलावांवर ढिवरांची मासेमारी चालते, धानाला ओलीत होतं आणि गुरं पाणी पितात. भंडाऱ्यात पाणी कमी पडतं म्हणून अर्धी बादली वापरावी, असं कुणालाच पटणार नाही. पाणी भरपूर आहे आणि गाडीखालून निघालेलं सगळं शेवटी त्याच पाण्यात जातं, हे मात्र पटण्यासारखं आहे. म्हणून मळलेली कापडं धुतल्यावर बादलीत उरलेलं गढूळ पाणीही तळ्याकडे जाणाऱ्या नालीत ओतू नये; अंगणाच्या कोपऱ्यात, झाडाझुडपांपासून दूर, कोरड्या मातीवर टाकावं.

निवडीचा निकाल असा: पीएच तटस्थ, प्रमाण स्पष्ट छापलेलं, कोटिंगवाल्या गाडीला मेणाविना, आणि बाटली ५०० मिलीपेक्षा मोठी नको. वास कोणताही. वाचलेल्या पैशांत सहा कापडं घ्यावीत आणि बनियन फरशीला परत द्यावं. कंपनीच्या नावावरून घरात भांडण करण्यात अर्थ नाही. हात हलका असेल तर मध्यम बाटलीही काम करते आणि हात भांडी घासणारा असेल तर अमेरिकेची बाटलीही गाडी वाचवत नाही. शेजाऱ्याने प्रमाण विचारलं तर सांगावं, ५ लिटरला २० मिली. आणि सवयीने त्याने पंपाचं विचारलंच, तर १५ लिटरच्या पंपाला ६०.